लिएजहून तीन पत्रं

लिएज, बेल्जियम
5 ऑक्टोबर 2025

ती. बाबा आणि ती. आई यांना शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचले. खोली लहान आहे, पण खिडकीतून म्यूज नदी दिसते. आईने बांधून दिलेलं मेतकूट शाबूत आहे. इथल्या वॉफलमध्ये खडीसाखरेसारखे टपोरे दाणे असतात, ते आईला नक्की आवडतील.

बाबा, काल ऊर्थ नदी म्यूजला मिळते तिथे गेले होते. पुलाशी झेनोब ग्रामचं स्मारक आहे. डायनॅमोवाला ग्राम! 1826 मध्ये याच भागातल्या एका खेड्यात जन्मलेला, धंद्याने सुतार. 1871 मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपला डायनॅमो मांडला. तुम्ही आयटीआय करून वीज बोर्डात लागलात आणि पुढे नव्या इंजिनियरांना रिले समजावून सांगत होतात. स्मारकापुढे हात जोडताना मला तुमचेच हात आठवले.

तुमची,
मनू

लिएज
19 ऑक्टोबर 2025

ती. बाबा, ती. आई,

उद्या नरकचतुर्दशी. तुमचं अभ्यंगस्नान होईल तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असेल. फराळाची फार आठवण येते आहे.

आई, तू फोनवर विचारलंस, ‘तू तिथे नेमकं करतेस काय?’ फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

ग्रिडमधली सगळी जनित्रं एका ठेक्यात फिरतात, लेझमाच्या पथकासारखी. आपल्याकडे हा ठेका सेकंदाला 50 आवर्तनांचा. कुठे लाइनवर झाड पडलं, शॉर्टसर्किट झालं, की जवळच्या जनित्रांचा पाय अडखळतो. ब्रेकरने शंभरेक मिलिसेकंदांत, म्हणजे बाबांच्या भाषेत पाच सायकलींत, तो तुकडा तोडला तर ठेका सावरतो. उशीर झाला तर एक जनित्र पथकातून सुटतं, त्याचा भार दुसऱ्यावर जातो, मग तिसरं. म्हणून कंट्रोल रूमला सतत एकच प्रश्न असतो: सगळं सुरळीत दिसतंय खरं, पण या क्षणी एखादी लाइन गेली तर आपण तगू का? त्याचं उत्तर गणिताने काढता येतं. मात्र शेकडो लाइनी एकेक करून पाडून पाहायच्या म्हटलं तर वेळ लागतो, आणि ऑपरेटरजवळ तोच नसतो.

इथल्या विद्यापीठातल्या लुई वेहेन्केल यांनी, प्राध्यापक मानिया पावेला यांच्या गटात काम करताना, 1980 च्या दशकात यावर वेगळी वाट धरली. गणित आधीच करून ठेवायचं. हजारो परिस्थिती संगणकावर उभ्या करायच्या, प्रत्येकीत बिघाड घालायचा, निकाल लिहायचा: तगलं की कोसळलं. मग त्या ढिगातून यंत्राने स्वतःच नियम शोधायचे. 1989 मध्ये त्यांचा निबंध आला. पुढे फ्रान्सच्या ईडीएफ या वीजकंपनीबरोबर खऱ्या ग्रिडवर ही पद्धत तपासली गेली. तेव्हा मशीन लर्निंग हा शब्द आपल्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता.

यंत्राने शोधलेले नियम झाडाच्या रूपात येतात. समजा, पहिला प्रश्न: कोयनेतून अमुक मेगावॅटपेक्षा जास्त वीज येते आहे का? हो, तर उजवी फांदी: त्या लाइनवर भार किती? नाही, तर डावी फांदी: बसबारचं व्होल्टेज किती? चार-पाच प्रश्नांत पानाशी पोचायचं, आणि पानावर लिहिलेलं असतं ‘सुरक्षित’ किंवा ‘धोका’. बाबा, तुम्ही ट्रान्सफॉर्मरचा आवाज ऐकून, मग मीटर पाहून, मग फीडर पाहून ठरवायचात, ते याहून वेगळं होतं का?

पुढे याच विद्यापीठातल्या गर्ट्स, अर्न्स्ट आणि वेहेन्केल यांनी 2006 मध्ये एका झाडाऐवजी, मुद्दाम यादृच्छिकपणे वाढवलेल्या शेकडो झाडांचं मत घेण्याची रीत मांडली. ती आता जगभर वापरतात, जीवशास्त्रातसुद्धा. ती जास्त अचूक आहे, हे मला मान्य. पण शेकडो झाडांचं उत्तर ऑपरेटरला वाचता येत नाही. रात्री दोन वाजता शहराचा भार कमी करायचा निर्णय ज्याला घ्यायचा आहे, त्याला ‘का’ कळलंच पाहिजे. माझं मत पक्कं आहे: कंट्रोल रूममध्ये वाचता येणारं झाडच हवं, मागे तपासणीला हवं तर जंगल ठेवा. आणि चुकाही सारख्या नसतात. उगाच धोका सांगितला तर थोडी महाग वीज घ्यावी लागते. धोका असताना ‘सुरक्षित’ म्हटलं, तर लोकल थांबतात, दवाखाने जनरेटरवर जातात.

दिव्यांच्या चार ओळी माझ्याही नावाने लावा.

मनू

लिएज
9 नोव्हेंबर 2025

ती. बाबा,

काल कू गावी जाऊन आले. अँब्लेव्ह नदीकाठी पंप्ड स्टोरेज आहे, आपल्या घाटघरसारखं. रात्री स्वस्त विजेने पाणी डोंगरावर चढवायचं, गरजेच्या वेळी सोडायचं. पॉवरहाउस दोन्हीकडे जमिनीच्या पोटात. घाटघरला दोन यंत्रं, 250 मेगावॅट. इथे सहा, आणि क्षमता चौपटीहून जास्त.

नुकताच 4 नोव्हेंबर होऊन गेला. 2006 मध्ये त्याच रात्री जर्मनीत एम्स नदीतून एक मोठं प्रवासी जहाज जायचं होतं, म्हणून वरची 380 केव्हीची दुहेरी लाइन बंद केली. ठरली होती मध्यरात्रीनंतरची वेळ, ती अलीकडे ओढली. पण बदललेल्या वेळेचा हिशेब आकडे मांडून पुन्हा झाला नाही. अर्ध्या तासाने दुसरी एक लाइन तुटली आणि काही सेकंदांत युरोपचं ग्रिड तीन तुकड्यांत फुटलं. दीड कोटीहून जास्त घरांची वीज गेली. हे आज सांगता येतं, कारण त्या रात्रीचा सेकंद न् सेकंद नोंदलेला आहे.

माझी मोठी अडचण अशा नोंदींचीच आहे, बाबा. यंत्र उदाहरणांवरून शिकतं, आणि तुमच्यासारख्यांनी कामं चोख केल्यामुळे वाईट दिवसांची उदाहरणं फार थोडी आहेत. 31 जुलै 2012 ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला, सुमारे 60 कोटी लोकांचा प्रदेश. आपला पश्चिम विभाग वाचला. असा दिवस एखादाच. बाकीचे आम्ही संगणकावर घडवतो, आणि घडवलेल्या दिवसात तेवढंच असतं जेवढं आम्हाला सुचतं. पहिल्या पावसात इन्सुलेटरवरची धूळ भिजून फ्लॅशओव्हर होतो, उसाच्या फडाला आग लावली की धुराने वरची लाइन ट्रिप होते, हे मला कुठल्या पुस्तकातून नाही, तुमच्याकडून कळलं.

म्हणून विनंती. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुमच्या खिशातल्या डायऱ्या आहेत, तारखा, वेळा आणि काय ट्रिप झालं ते लिहिलेल्या. दिवाळीच्या आवराआवरीत त्या रद्दीत गेल्या नसतील, अशी आशा आहे. त्या काढून उन्हात ठेवा, कसर लागली असेल तर झटका, आणि अक्षर पुसट झालं असेल तिथे आठवेल ते शेजारी पेनाने लिहून ठेवा. मी जानेवारीत येते आहे.

तुमची,
मनू