प्लास्टर की शस्त्रक्रिया? : ‘ठाऊक नाही’ या उत्तराविषयी

गेल्या मे महिन्यात माझा तेरा वर्षांचा भाचा सुटीसाठी नाशिकहून आमच्याकडे लखनौला आला होता. महानगर वस्तीतल्या आमच्या गल्लीत क्रिकेट खेळताना चेंडूमागे धावला, गटाराच्या कडेवर त्याचे पाऊल मुरगळले आणि तो कोसळला. घोटा लचकला असेल, असे आम्हांला वाटले. क्ष-किरण चित्रात मात्र नडगीचे हाड घोट्याच्या किंचित वर मोडून सरकलेले दिसले.

तोच हिसका माझ्या पायाला बसला असता, तर बहुधा सांध्याचा अस्थिबंध ताणला गेला असता. वाढत्या वयात गणित उलटे असते. हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. डॉक्टर तिला ‘ग्रोथ प्लेट’ म्हणतात. हाडाची लांबी तिथेच वाढते, आणि अस्थिबंधांच्या तुलनेत तीच कमजोर असते. त्यामुळे तुटते ती चकती. अशा दुखापतींचे सॉल्टर आणि हॅरिस या टोरोंटोच्या शल्यविशारदांनी 1963 साली केलेले वर्गीकरण आजही वापरले जाते. भाच्याची दुखापत त्यातल्या दुसऱ्या प्रकारची होती : भेग चकतीतून आडवी गेलेली आणि पुढे हाडाचा एक त्रिकोणी तुकडा घेऊन वर निघालेली.

अस्थिरोगतज्ज्ञांनी दोन मार्ग सांगितले. पहिला, भूल देऊन हाड बाहेरूनच जागेवर बसवायचे आणि प्लास्टर घालायचे. दुसरा, छेद घेऊन भेगेत अडकलेले अस्थिआवरण बाजूला काढायचे आणि हाड स्क्रूने पक्के करायचे. “यातले चांगले कोणते?” मी विचारले. ते शांतपणे म्हणाले, “दोन्ही मार्गांनी मुले बरी होतात. वाढ अकाली थांबण्याचा धोका दोन्हींत आहे. श्रेष्ठ कोणता, हे आज खात्रीने कोणालाच ठाऊक नाही.”

नाशिकहून ताई फोनवर रडत होती. “अरे, तू एवढा शिकलास, डॉक्टरेट केलीस. तूच सांग ना काय करायचे ते!”

भौतिकशास्त्रातली पदवी अशा वेळी फारशी उपयोगी पडत नाही. तरी त्या रात्री मी मिळतील तेवढे शोधनिबंध वाचून काढले. बहुतेक अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेले होते : इतक्या मुलांवर शस्त्रक्रिया झाली, इतक्यांना प्लास्टर घातले, पुढे काय झाले. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला यातली अडचण लगेच जाणवते. ज्याचे हाड अधिक सरकले आहे, त्याच्यावर शस्त्रक्रिया होण्याची शक्यता मुळातच अधिक. मग शस्त्रक्रियेच्या गटात वाढ थांबलेली मुले जास्त आढळली, तर दोष शस्त्रक्रियेचा की मूळ आघाताचा? असे अभ्यास कितीही जमवले, तरी ही गाठ सुटत नाही. ती सोडवण्याचा खात्रीचा उपाय एकच : कोणत्या मुलाला कोणता उपचार, हे चिठ्ठी टाकून ठरवायचे.

मुलांच्या बाबतीत हे निर्दय वाटते. पण ते घडलेले आहे. मनगटाजवळचे हाड नुसते दबून फुगते, अशा किरकोळ अस्थिभंगाच्या 965 मुलांवर ब्रिटनमधल्या 23 रुग्णालयांत ‘फोर्स’ नावाची चाचणी झाली. साधी पट्टी पुरते की मनगट पक्के जखडावे लागते, हा प्रश्न होता. 2022 साली निष्कर्ष आला : तीन दिवसांनंतरच्या वेदनेत दोन्ही गटांत फरक नाही. भाच्याच्या दुखापतीसारख्या, घोट्याजवळ सरकलेल्या नडगीसाठीही तिथे शस्त्रक्रिया आणि प्लास्टर यांची तुलना करणारी चाचणी हाती घेण्यात आली. तिचे नाव मिस्कील आहे : ‘ऑड सॉक्स’, म्हणजे विजोड पायमोजे.

वाचता वाचता मी थबकलो. उद्या डॉक्टरांनी विचारले, “चिठ्ठी टाकू का?”, तर मी हो म्हणेन? आयुष्यभर निःपक्ष मोजमापाचा आग्रह धरणारा मी त्या रात्री प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणू शकलो नाही. ‘ठाऊक नाही’ हे खरे मानले, तर चिठ्ठीने भाच्याचे काहीच बिघडणार नव्हते, हे बुद्धीला पटत होते. मनाला मात्र कोणीतरी जाणून-उमजून निवड केलेली हवी होती.

सकाळी भूल देऊन हाड एकदाच, हलक्या हाताने बसवले गेले. वारंवार जोर लावला तर त्या कूर्चेलाच इजा होते. उरलेली फट डॉक्टरांना मान्य होण्याजोगी वाटली आणि प्लास्टर घातले गेले. शुद्धीवर आल्यावर भाच्याने पहिला प्रश्न विचारला, “मामा, माझा पाय वाढेल ना?”

पुढचे वर्षभर आम्ही क्ष-किरण चित्रांत एक बारीक पांढरी रेघ शोधत राहिलो. वाढ काही काळ मंदावून पुन्हा सुरू झाली, की हाडात अशी रेघ उमटते. ती चकतीला समांतर राहून हळूहळू दूर सरकत गेली, तर वाढ सरळ चालली आहे. तिरपी झाली, तर एक बाजू अडकली आहे. भाच्याची रेघ आतापर्यंत समांतर आहे. मुलग्यांची ही चकती साधारण सोळा-सतराव्या वर्षी मिटते. तोवर लक्ष ठेवायचे आहे.

“बघ, प्लास्टरच योग्य होते,” असे ताई आता म्हणते. मी गप्प बसतो. शस्त्रक्रिया केली असती, तरी ती रेघ कदाचित अशीच समांतर राहिली असती. एका पायावर दोन प्रयोग करता येत नाहीत.

आपल्याकडे असे जखमी पाय कमी नाहीत. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात बालअस्थिरोगांचा स्वतंत्र विभाग आहे. चिकित्सा चाचण्यांची राष्ट्रीय नोंदणी देशात 2007 पासून सुरू आहे. म्हणजे हा प्रश्न इथेही सोडवता येईल. त्यासाठी पालकांनी काही वेळा चिठ्ठीला होकार द्यावा लागेल. मी तो त्या रात्री देऊ शकलो नसतो. आज विचारले तर देईन, असे वाटते. आणि का, हे ताईला समजावून सांगण्याची तयारी करतो आहे.