भुतावाचून भय

दिवाळी अंकात एखादी तरी भुताची गोष्ट असावी, असे माझे जुने मत आहे. दाराशी पणत्या तेवत असताना, त्या उजेडाच्या भरवशावर अंधाराची मौज चाखण्यात काही निराळीच गोडी असते. भूत कितीही भयंकर असो, अंकाचे पान उलटले की ते निमूटपणे निघून जाते. हा भुतांचा मोठाच सद्गुण म्हटला पाहिजे! माणसांपाशी तो नसतो. म्हणूनच ज्या भयकथेत भूत मुळीच नाही, तिची मला अधिक धास्ती वाटते.

अशी एक कथा अलीकडे मी घरबसल्या पाहिली. 'विचफाइंडर जनरल' हा १९६८ सालचा इंग्लिश चित्रपट. आपल्या भाषेत सांगायचे तर, चेटकिणी हुडकून काढणारा सरनोबत! ओरखडे पुसून, विटलेले रंग उजळून, कापलेले तुकडे पुन्हा सांधून हा चित्रपट आता घरी लावायच्या तबकडीवर मिळतो. त्याने पूर्वी सोसलेले हाल काही थोडेथोडके नाहीत. इंग्लंडात सेन्सॉरने त्याला कात्री लावली. अमेरिकेत त्याचे नावच बदलले. एडगर ॲलन पो याच्या 'द काँकरर वर्म' या कवितेचे नाव त्याला चिकटवून तिच्या ओळीही त्यात वाचून दाखवल्या. वास्तविक चित्रपटाचा पोशी काडीचा संबंध नाही. पुढे तिथल्या घरगुती फितींवर पॉल फेरिसचे मूळ संगीतही राहिले नाही. त्याच्या जागी सिंथेसायझरचे सूर आले. कुठे अंग कापलेले, कुठे नाव गेलेले, कुठे आवाज हरपलेला!

जुन्या एका आवृत्तीत तर मोठी गंमत होती. कापलेले तुकडे कमी प्रतीच्या फितीवरून घेऊन जोडलेले असल्यामुळे चित्र मधूनच फिकट पडे. लुगड्याला ठिगळ लावावे तसे ते दिसे, आणि कात्री नेमकी कुठे फिरली होती हे पाहणाऱ्याला आपोआप कळे. किंकाळ्या, मारहाण, रक्त हे सगळे कात्रीला असह्य झाले होते. पण चेटकीण शोधणारा माणूस काम आटोपून आपले पैसे घेतो, ती देवघेव मात्र कुणाला खटकली नव्हती. मला विचाराल, तर चित्रपटातले खरे भय तिथेच आहे.

माझ्याबरोबर आमच्या वहिनी पाहायला बसल्या होत्या. तासभर वाट पाहून त्यांनी विचारले, "भाऊजी, चेटकीण येणार तरी केव्हा?"

"ती येतच नाही, वहिनी," मी म्हणालो.

खरोखरच येत नाही. येतो तो नुसता हिरवागार मुलूख. सफोकमधली कुरणे, लॅव्हनमची जुनी लाकडी घरे, ढगांतून उतरणारे ऊन! सुरुवातीलाच टेकडीवर फासाचा खांब ठोकल्याचा आवाज येतो, एका बाईला ओरडत ओढत नेतात, आणि दूर घोड्यावर बसून एक माणूस शांतपणे पाहत राहतो. रंग विटलेले होते तेव्हा हे सारे अंधाऱ्या भयपटासारखे दिसे. आता गवताची पात न् पात हिरवी दिसते आणि अंगावर शहारा येतो. कारण असल्या सुंदर दिवशीही हे घडू शकते, हे मान्य करावे लागते.

तो घोडेस्वार म्हणजे मॅथ्यू हॉपकिन्स. हा माणूस इतिहासात खरोखरच होऊन गेला. इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट यांची यादवी चालू होती. न्यायव्यवस्था विस्कटली होती. १६४५ च्या सुमारास मॅनिंगट्री गावच्या ह्या तरुणाने जॉन स्टर्न नावाचा जोडीदार घेऊन पूर्व इंग्लंडात चेटकिणींचा शोध आरंभला. त्याची पदवी कुणी दिलेली नव्हती. ती त्याची त्यानेच घेतली. संशयिताला रात्र रात्र झोपू द्यायचे नाही, दमेपर्यंत चालवायचे, पाण्यात टाकून तरंगतो का ते पाहायचे, आणि मग कबुली लिहून घ्यायची! ब्रँडस्टनचा पाद्री जॉन लोव्ज ऐंशीच्या घरातला म्हातारा. त्याचे गावकऱ्यांशी पटत नसे, एवढे पुरले. १६४५ च्या ऑगस्टात त्याला फाशी दिले. स्वतःच्या दफनाची प्रार्थना त्याने स्वतःच म्हटली, असे सांगतात.

पडद्यावर हॉपकिन्स झालेला व्हिन्सेंट प्राइस तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. खरा हॉपकिन्स विशीतला. दिग्दर्शक मायकेल रीव्हज हाही विशीतलाच, आणि दोघांचे सेटवर मुळीच जमले नाही. एरवी डोळे फिरवून, आवाज चढवून भिववणाऱ्या प्राइसला ह्या पोराने थंड, कोरडा अभिनय करायला लावले. चित्रपट पाहिल्यावर प्राइसनेही त्याची करामत मानली. रीव्हज १९६९ च्या फेब्रुवारीत, अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेला.

चित्रपटाच्या शेवटी हॉपकिन्सवर कुऱ्हाडीचे घाव पडतात. पण सूड घेणाऱ्या शिपायाच्या चेहऱ्यावर समाधान उमटत नाही. त्याचेही माणूसपण सुटलेले असते, आणि त्याची सारा किंचाळत राहते. इतिहासाने एवढाही न्याय केला नाही. १६४७ साली हॉपकिन्स आजारपणात मेला, बहुधा क्षयाने.

हे सगळे परक्या मुलखातले, जुन्या काळातले, असे म्हणून सुटावे, तर सातपुड्यातल्या पाड्यांवर बाईला 'डाकीण' ठरवल्याच्या बातम्या आठवतात. जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्राला २०१३ साली मिळाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर.

तबकडी संपल्यावर वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पण भाऊजी, त्या मेल्याला पैसे कोण देत होतं?"

स्टोमार्केट गावाच्या दप्तरात त्याचे उत्तर आहे. हॉपकिन्सच्या कामगिरीपोटी त्या गावाला तेवीस पौंड खर्च आला, शिवाय प्रवासखर्च निराळा. ते पैसे कुणा सैतानाने दिले नव्हते. चुलीशी बसणाऱ्या, मुलाबाळांना जपणाऱ्या, रविवारी देवळात जाणाऱ्या माणसांच्या गाठीचेच ते होते.