कृपया निवडा

पूर्वीच्या छापील अर्जांत एक मोठी सोय होती. टिंबांची. ‘व्यवसाय’ या शब्दापुढे टिंबांची लांबलचक रांग असे आणि तिच्यावर माणसाला वाटेल ते लिहिता येई. जागा पुरली नाही तर समासात शिरावे, समास संपला तर ‘मागे पाहा’ असे लिहून पाठीमागे जावे. खिडकीतला कारकून कपाळाला आठ्या घाली, पण अर्ज घेई. टिंबे कुणालाही ‘नाही’ म्हणत नसत.

आता टिंबे गेली आणि संगणकाच्या पडद्यावर एक चौकट आली. चौकटीत ‘कृपया निवडा’ अशी अक्षरे आणि उजव्या कोपऱ्यात एक उलटा त्रिकोण. त्या त्रिकोणावर टिचकी मारली की एक यादी खाली उतरते. जे काय असायचे ते तुम्ही त्या यादीतच असायचे. ‘कृपया’ हा शब्द मंगलाष्टकांच्या वेळच्या ‘सावधान’सारखा, तोवर सगळे ठरून गेलेले असते.

पुण्याच्या माणसाला हे जड जाते. त्याला निवड नको असते असे नाही, पण दुसऱ्याने आधीच निवडून ठेवलेले नको असते. शिवाय यादीत भर घालणे ही या गावाची जुनी खोड आहे. कसबा पेठ होती, तिच्या भोवती एकेक पेठ वाढत गेली. पेठांना वारांची नावे दिली, तर वार पडले सात. मग माणसे घेतली आणि सदाशिव, नारायण, नाना, रास्ता अशा पेठा झाल्या. शनिवार पेठ ही मूळची मुर्तजाबाद, गुरुवार पेठ ही वेताळ पेठ. गंज पेठेची पुढे महात्मा फुले पेठ झाली. महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली अकरा गावे आली, २०२१ साली आणखी तेवीस आली. त्या अकरांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे २०२४ साली बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. म्हणजे यादीत घालता येते तसे काढताही येते.

तर सांगायचा मुद्दा असा की, आमच्या भागातल्या छोट्या वाचनालयाने मध्यंतरी संकेतस्थळ काढले. मी तिथला साधा सभासद. निवृत्त झाल्यापासून दुपारी दोन तास टेबलाशी बसतो, एवढाच माझा अधिकार. सभासदत्वाचा अर्ज संगणकावर भरायचा ठरला आणि ‘व्यवसाय’ या चौकटीत कार्यकारिणीने सहा पर्याय मंजूर केले : नोकरी, व्यापार, विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त, इतर. त्यांतल्या विद्यार्थी, गृहिणी आणि निवृत्त या तिघांना वर्गणीत निम्मी सवलत. बाकीच्यांना पूर्ण.

पहिल्याच आठवड्यात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, हातात कापडी पिशवी. “काका, मला पुस्तकं न्यायचीत. दुपारी दोन ते चार मोकळी असते मी.” मी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि विचारले, “व्यवसाय काय लिहू? गृहिणी?”

“गृहिणी घरात असते हो. मी सकाळी सहापासून पाच घरांत असते. पोळ्या-भाजी करते.”

“मग नोकरी?”

“नोकरीला रविवारची सुट्टी असते ना?”

“व्यापार?”

“पोळ्या विकत नाही मी. करून देते.”

मग उरला एकच पर्याय. मी तो बोटाने दाखवला. बाईंनी तो वाचला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “तीस वर्षं या पेठेच्या पोटात माझ्या हातच्या पोळ्या जातायत. आणि मी इतर?”

यावर मजजवळ उत्तर नव्हते. माझ्या पोटातही सकाळच्या तीन होत्या. शिवाय ‘इतर’ म्हणजे पूर्ण वर्गणी.

हे संकेतस्थळ आमच्या शेजाऱ्यांच्या नातीने फुकट करून दिले होते. ती हिंजवडीला एका कंपनीत आहे. रविवारी तिला गाठले. म्हटले, “या यादीत एक नाव वाढवायचं तर किती खर्च येईल?” ती हसून म्हणाली, “आजोबा, तीन ओळींचं काम आहे,” आणि मांडीवरच्या संगणकावर मला दाखवू लागली. जावास्क्रिप्ट नावाची भाषा आहे. ब्रेंडन आइक या अमेरिकन गृहस्थाने १९९५ साली तिची पहिली आवृत्ती दहा दिवसांत उभी केली. मला त्याचे नवल वाटले नाही. दहा दिवसांत आमच्याकडे गणपती बसतात आणि उठतातही.

या भाषेत काम असे चालते : पानावर प्रत्येक यादीला एक नाव असते. आधी त्या नावाने तिला हाक मारायची. मग ‘न्यू ऑप्शन’ असे लिहून नवा पर्याय घडवायचा. शेवटी ‘अ‍ॅड’ म्हणून तो यादीला जोडायचा. काही सांगितले नाही तर तो मुकाट्याने शेवटी जाऊन उभा राहतो. कुणाच्या आधी उभे राहायचे ते सांगितले तर तिथे घुसतो. गिनती शून्यापासून. म्हणजे यादीतला पहिला तो शून्यावा. आणि दर वेळी यादी नव्याने भरायची असेल तर आधी ती रिकामी करावी लागते, नाही तर तेच पर्याय पुन्हा पुन्हा चिकटतात. जिल्हा निवडल्यावर खाली तालुके बदलतात ना, तिथे हीच करामत असते. जुने तालुके पुसले नाहीत तर सातारा निवडणाऱ्याला हवेली आणि मुळशीसुद्धा मिळतील.

पण मला खरी मौज वाटली ती पुढेच. प्रत्येक पर्यायाला म्हणे दोन अंगे असतात. एक लोकांना दिसणारी अक्षरे आणि दुसरी आत पाठवायची किंमत. पडद्यावर ‘गृहिणी’ दिसते, आत नुसता ‘चार’ जातो. नातीला वाटले हे मला समजायला कठीण जाईल. अगं, मी जन्माने पुणेकर! ‘या हं एकदा सवडीने जेवायला’ ही दिसणारी अक्षरे. आतली किंमत काय ती आम्हांला लहानपणापासून ठाऊक असते.

नातीने तीन ओळी लिहिल्या. यादीत ‘स्वयंपाक व घरकाम’ असा सातवा पर्याय दिसू लागला, तोही ‘इतर’च्या आधी. मी बाईंना निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या, त्यांनी स्वतःच्या बोटाने आपला पर्याय निवडला, ‘पाठवा’ दाबले, आणि पडद्यावर लाल अक्षरांत उमटले : ‘अवैध व्यवसाय’.

बाईंचा चेहरा पाहवेना. पेठेतल्या पाच घरांची न्याहारी त्या क्षणी बेकायदेशीर ठरली होती.

नातीला फोन लावला. ती म्हणाली, “आजोबा, ती काल नुसती चाचणी होती. मी यादी पानावर वाढवलीय. आतल्या वहीला अजून सहाच व्यवसाय माहीत आहेत. तिथे सातवा घालायला कार्यकारिणीची मंजुरी हवी. वर्गणी पूर्ण की निम्मी ते मी कसं ठरवणार?” तेव्हा मला उमगले की दारावर पाटी लावणे वेगळे आणि घरात पाट मांडणे वेगळे.

कार्यकारिणीची सभा भरली. खजिनदार म्हणाले, “आज पोळ्यावाल्या आल्या, उद्या रिक्षावाले येतील, परवा केळीवाले. यादी कुठवर वाढवायची? ‘इतर’ आहे की!” तेव्हा जनगणनेचे काम केलेल्या एक निवृत्त शिक्षिका उठल्या. त्या म्हणाल्या, “२०११ च्या जनगणनेत आम्ही पुरुषाला एक, स्त्रीला दोन आणि इतरांना तीन असा आकडा घालत होतो. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, या माणसांना तृतीयपंथी म्हणून स्वतःची ओळख आहे, ती माना. इतर म्हणजे कोण हो? ज्यांना आपण विचारलं नाही ते.” सभेत जरा वेळ पंख्याचाच आवाज होता.

मग एक वकील सभासद म्हणाले, “नाव घालू, पण सवलत नको.” हा मधला मार्ग पुष्कळांना पसंत पडला. मला मात्र मतदानयंत्रावरच्या ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाची आठवण झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालामुळे ते आले. पण लोकसभा-विधानसभेला त्याला सर्वांत जास्त मते पडली तरी निवडून येतो तो त्याच्या खालोखालचा उमेदवार. दिसायला पर्याय, आतली किंमत शून्य. आपल्या राज्य निवडणूक आयोगाला २०१८ साली स्थानिक निवडणुकांपुरता वेगळा आदेश काढावा लागला, की असे झाले तर निवडणूक पुन्हा घ्या. मी हे सगळे सभेत बोललो. एवढे सलग मी चाळीस वर्षांच्या नोकरीतही बोललो नव्हतो. शेवटी म्हटले, “बाईंना नुसती अक्षरं द्यायची असतील तर ती देऊच नका. त्या अक्षरं वाचायलाच आल्यात, त्यांना ती पुस्तकात मिळतील.”

ठराव पास झाला. एक मत विरुद्ध. खजिनदारांनी ते तत्त्व म्हणून दिले आणि निम्म्या वर्गणीची पावती स्वतःच्या हाताने लिहिली. नातीने आतल्या वहीत सातवा रकाना उघडला. त्याला तिला रात्रीचे दोन वाजले. तीन ओळींचे काम दिसायलाच तीन ओळींचे असते.

बाईंचा अर्ज पहिल्या झटक्यात मंजूर झाला. ग्रंथपाल उत्साहाने उठले आणि पाककृतींच्या कपाटातली दोन जाडजूड पुस्तके त्यांनी बाईंपुढे ठेवली. बाईंनी ती हळूच मागे सरकवली.

“यातलं नको,” त्या म्हणाल्या, “एखादी खुनाबिनाची द्या. जिच्यात कुणी स्वयंपाक करत नाही अशी.”