तीन ओळींचं बिल

फेब्रुवारी 2023. शनिवारी सकाळी रात्रीच्या बसने रत्नागिरीत उतरलो, ते भाट्याच्या फ्लॅटची चावी घ्यायला. निवृत्तीनंतर बाबा पुण्यात काही रमले नाहीत. "समुद्र दिसला नाही तरी चालेल, गाज ऐकू आली पाहिजे," हे त्यांचं एकमेव स्पेसिफिकेशन. म्हणून पुलापलीकडे, पावसच्या रस्त्याच्या बाजूला, सुरूच्या बनापासून चालत दहा मिनिटांवर एका तीन मजली इमारतीत त्यांनी फंडाचे पैसे घातले होते.

चावी मिळाली नाही. एक कागद मिळाला. ना तारीख, ना सही.

पार्किंग – 1,25,000
साहित्य दरवाढ – 1,48,000
वीजजोडणी – 42,000

"एवढं क्लिअर केलंत की चावी तयार आहे, काका."

हा 'काका' महत्त्वाचा. बिल्डर म्हणजे बाबांच्या शाळासोबत्याचा मुलगा. बाबांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि घरी येताना पुलावर म्हणाले, "देऊन टाकू. स्टील, सिमेंट खरंच महागलंय. आणि उद्यापासून रोज तोंड बघायचंय त्याचं."

माझं डोकं फिरलं. आमच्या धंद्यात क्लायंटला एक बटण जास्त हवं असलं तरी चेंज रिक्वेस्ट लागते, त्यावर सही लागते. फिक्स्ड प्राइसचं प्रोजेक्ट अंगावर आलं म्हणून आम्ही वीकेंड घालवतो; डिलिव्हरीच्या दिवशी तीन ओळींचा मेल टाकून पैसे मागत नाही. (मागावेसे वाटतात, ही गोष्ट वेगळी.)

रात्री करारनामा काढला. खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी आपला करारनामा वाचलाय? मीही वाचला नव्हता. आपण हप्ता किती बसतो ते बघतो आणि बोट दाखवलं तिथे सही करतो.

आमचा 2020 चा, रजिस्टर केलेला. 2017 पासून लागू असलेल्या महारेराच्या नमुना कराराप्रमाणेच होता. त्यात स्पष्ट लिहिलेलं: ठरलेल्या किमतीत वाढ होणार नाही. अपवाद फक्त सरकारने किंवा स्थानिक संस्थेने वाढवलेल्या शुल्कांचा, आणि तेही त्या आदेशाची प्रत जोडून मागायचं. स्टील-सिमेंटची दरवाढ त्यात कुठेच बसत नव्हती. महागलं होतं हे खरं, पण ती जोखीम बिल्डरने सही करून घेतली होती. उद्या स्टील स्वस्त झालं असतं तर आम्हाला परत थोडेच देणार होता?

पार्किंगचं तर आणखी मजेशीर. ते म्हणजे अंगणात उघड्यावर मारलेले दोन पांढरे पट्टे. रेरा कायद्यात उघडी पार्किंगची जागा 'सामाईक क्षेत्रा'त मोडते. म्हणजे ती सगळ्या फ्लॅटवाल्यांची. ती वेगळी विकता येत नाही.

वीजजोडणीचा खर्च मात्र करारात होता, "प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे" असा. म्हणजे तो देणं लागत होतं, फक्त पावत्या बघून.

रविवारी एक पानी पत्र लिहिलं. राग नाही, धमकी नाही. तिन्ही रकमांपुढे कराराचं कलम, आणि एकच मागणी: ही रक्कम कुठल्या कलमाखाली, ते लेखी कळवा. शेवटी एक ओळ, उत्तर न आल्यास महारेराकडे तक्रार करू. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि सही करायच्या आधी हळूच म्हणाले, "पन्नास हजार मी दिलेत त्याला. मागच्या महिन्यात. रोख."

पावती? नाही. मला सांगितलं? नाही. "तू चिडशील म्हणून."

मी चिडलो नाही. भीड भिकेची बहीण, ही म्हण लहानपणी मला बाबांनीच शिकवली होती. आणि आयुष्यभर कारकुनी करून दुसऱ्यांच्या पै-पैचा हिशोब ठेवलेला हा माणूस स्वतःच्या पैशाची पावती मागायला लाजला होता.

सोमवारी रजा टाकली. ऑफिसात पत्र टेबलावर ठेवलं. बिल्डरने वाचलं, हसला. "काका, आपल्यात हे कायदे कशाला?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबाच बोलले. "आपल्यात म्हणूनच कागदावर. आणि ते पन्नास हजार मी तुला इथेच मोजून दिलेत. तेही लिही."

खोलीत पंखा तेवढा फिरत होता.

अर्ध्या तासाने दोन ओळींवर काट मारली गेली. वीजजोडणीच्या पावत्या बघितल्या, बेचाळीस हजार बरोबर निघाले, ते पन्नासातून वळते झाले. बाबांनी दोघांच्या सह्या घेतल्या, झेरॉक्स काढली, मगच चावी घेतली. कायद्यातली कलमं मी शोधली होती, पण काम झालं ते बाबांच्या त्या दोन वाक्यांनी.

उरलेले आठ हजार अजून यायचेत. बाबा अधूनमधून फोन करून आठवण करून देतात. आणि रस्त्यात भेटला की चहाही पाजतात.