चाकणचे 56 दिवस

चाकण म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? तळेगाव चौकातला ट्रॅफिक, कंपन्यांच्या बसेस, कंटेनरची न संपणारी रांग, फार तर कांद्याचा बाजार. तिथल्या एका ऑटो कंपनीत एचआरमध्ये असलेल्या माझ्या मैत्रिणीला मी म्हटलं, "या रविवारी संग्रामदुर्गला येतेस?" तर तिचा पहिला प्रश्न होता, "हा कुठला प्लँट?"

दोष तिचा नाही. रायगड, सिंहगड, राजगड लांबून दिसतात. संग्रामदुर्ग भुईकोट. डोंगर नाही, कडा नाही, ट्रेक नाही. हायवे सोडून गावात शिरायचं, दुकानं आणि घरं मागे टाकायची आणि अचानक जुने काळे दगड समोर येतात. थोडी तटबंदी, बुरुजांचे अवशेष, खंदकाची खूण. बस्स. फोटो काढायला फारसं काही नाही. पण एका नव्या राज्यानं एका साम्राज्याला इथं 56 दिवस अडवून धरलं होतं, हे कळल्यावर मी तिथून लवकर हलले नाही.

भांडण कशाचं होतं?

शाळेत आपण लढाया पाठ केल्या, कारणं मात्र ऑप्शनला टाकली. कारण समजून घ्यायचं तर याच नाशिक हायवेनं आणखी पुढे जायला हवं, जुन्नरपर्यंत. 1636 मध्ये मोगल आणि विजापूरची आदिलशाही यांनी निजामशाही वाटून घेतली. पुणे-चाकणचा मुलूख आदिलशाहीकडे गेला आणि शहाजीराजांच्या जहागिरीत राहिला. जुन्नर मोगलांकडे गेलं. म्हणजे आज आपण तासा-दोन तासांत कापतो तो रस्ता तेव्हा सरहद्द ओलांडत होता.

एप्रिल 1657 मध्ये शिवाजी महाराजांची माणसं रात्री दोराच्या शिड्या लावून जुन्नरच्या तटावरून आत उतरली. तीन लाख होन आणि दोनशे घोडे घेऊन गेली. औरंगजेबाला हे झोंबलं, पण त्याच वर्षी शहाजहान आजारी पडला आणि औरंगजेब भावांशी लढायला उत्तरेत निघून गेला. दख्खनवरचं त्याचं लक्ष उडालं, आणि स्वराज्य नेमकं याच काळात वाढलं. नोव्हेंबर 1659 मध्ये अफझलखान पडल्यावर तर हे राज्य आता टिकणार, हे सगळ्यांनाच दिसू लागलं.

प्रश्न साधा होता. या मुलखाचा महसूल कोण गोळा करणार आणि इथल्या किल्ल्यांवर कोणाचा हुकूम चालणार? तख्तावर स्थिरावलेल्या औरंगजेबानं उत्तर म्हणून आपला सख्खा मामाच पाठवला. शाहिस्तेखान.

लोकेशन, लोकेशन, लोकेशन

1660 च्या सुरुवातीला खान अहमदनगरहून (आजचं अहिल्यानगर) निघाला आणि मे महिन्यात पुण्यात पोचला. तिकडे महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले. एकाच वेळी दोन सत्तांशी युद्ध, आणि राजा घरी नाही.

पण खानाचीही एक अडचण होती. मराठ्यांनी वाटेतलं धान्य-चारा शिल्लक ठेवला नव्हता आणि पावसाळा तोंडावर आला होता. एवढ्या फौजेला खायला घालायचं तर रसद नगरहूनच यायला हवी. पुण्यापेक्षा त्या बाजूला जवळ होतं चाकण. आज लॉजिस्टिक्सवाले ज्या कारणासाठी चाकणला गोडाऊन घेतात, जवळपास त्याच कारणासाठी खानाला ते हवं होतं.

21 जून 1660 ला वेढा पडला. आत किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. शहाजीराजांच्या वेळेपासून चाकण सांभाळणारा हा माणूस आता महाराजांचा किल्लेदार होता. त्याच्याकडे काहीशे माणसं. बाहेर मोगलांची प्रचंड फौज आणि तोफा. मदत येण्याची आशा जवळजवळ नाही. मोगल खंदकाजवळ सरकत होते, आतून गोळीबार होत होता आणि वरून पाऊस.

शेवटी खानानं एका बुरुजाखाली सुरुंग खणला. 14 ऑगस्टला तो उडाला आणि बुरूज वर माणसांसह कोसळला. मोगल आत घुसायला धावले, तर पाहतात काय, मागे मातीचा आणखी एक बांध तयार! ती रात्र मराठ्यांनी तिथेच लढून काढली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. मोगलांच्याच दरबारी इतिहासात त्यांचे 268 ठार आणि 600 जखमी नोंदले आहेत.

खान फिरंगोजींवर खूश झाला आणि त्यानं त्यांना मोगली चाकरी देऊ केली, असं इतिहासकार सांगतात. आपल्या भाषेत, भलं मोठं पॅकेज आणि शिवाय ब्रँड नेम. त्यांनी नाही म्हटलं आणि ते महाराजांकडे गेले.

हरून काय मिळालं?

चाकण तर गेलं. खानानं त्याचं नाव इस्लामाबाद ठेवलं. मग या 56 दिवसांचा उपयोग काय?

मला वाटतं, हिशोब असा आहे. खानाची मुख्य फौज चाकणच्या चिखलात रुतलेली असतानाच, 13 जुलैच्या सुमारास, महाराज पन्हाळ्याहून निसटून विशाळगडाला पोचले. दुसरं म्हणजे, सपाटीवरच्या एका लहान कोटाला दोन महिने लागत असतील, तर सह्याद्रीतल्या डझनावारी गडांना किती लागतील? खान पुण्यात लाल महालात मुक्काम ठोकून बसला. एप्रिल 1663 मध्ये महाराजांनी तिथेच छापा घातला, खानाची बोटं तुटली आणि त्याची बदली झाली बंगालला.

पण हे युद्ध फुकट नव्हतं. दोन्ही फौजांनी उभी पिकं तुडवली, आणि त्याची किंमत याच पट्ट्यातल्या गावांनी मोजली. 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंगानं गावंच्या गावं जाळली आणि पुरंदरच्या तहात 23 किल्ले द्यावे लागले. राज्याभिषेक झाला तो 1674 मध्ये. पुढे औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला, पंचवीस वर्षं इथंच अडकला आणि 1707 मध्ये नगरजवळ मेला. मामा जिथून निघाला होता, तिथेच भाच्याचा शेवट झाला.

आज किल्ल्याच्या अंगाला घरं टेकली आहेत आणि मागे हायवेचा हॉर्न थांबत नाही. इथं रोज हजारो लोक शिफ्टला येतात. त्यातल्या किती जणांना माहीत असेल की आपण स्वराज्याच्या एका आघाडीवर पंच करतोय?

कसं जाल? पुण्यापासून साधारण 30 किमी. मेट्रोनं नाशिक फाट्यापर्यंत, तिथून भोसरी-मोशीमार्गे बस किंवा रिक्षा. रविवारी सकाळी लवकर निघा, नाहीतर तळेगाव चौकात तुमचाच वेढा पडेल. सोबत चक्रेश्वराचं देऊळही पाहून घ्या. आणि तटाच्या दगडांवर प्लीज नावं कोरू नका.