बाबांची वही

बरेच दिवसांनी लिहितोय. मागचे दोन रविवार उबुंटूच्या काळ्या खिडकीत गेले, त्याची ही कथा.

आमची दादरची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होतेय. कोणी डोंबिवलीला चाललंय, कोणी विरारला. बाबांकडे एक लांबट वही आहे. कुठल्या खोलीत कोण कधी आलं, कोणाची मुलं कुठे गेली, गणपतीची वर्गणी कोणी किती दिली... चाळीस वर्षांचं सगळं. ती ट्रंकेत पडून राहू नये म्हणून मी पायथनमध्ये छोटंसं अ‍ॅप केलं. पासवर्ड फक्त चाळकऱ्यांना. आता ते अ‍ॅमेझॉनच्या इलास्टिक बीनस्टॉकवर चढवायचं होतं. २०११ पासूनची ही सोय. आपण कोड द्यायचा, खालची यंत्रं ती उभी करते. बीनस्टॉकचे वेगळे पैसे नाहीत, यंत्रांचं भाडं मात्र पडतं.

लिनक्सवरून हे करायला 'ईबी' नावाची कमांड लागते. सवयीप्रमाणे पिपने टाकायला गेलो, तर उबुंटू २४.०४ ने दारातूनच परत पाठवलं. हे पायथन सिस्टिमचं आहे, यात हात घालू नका! आधी राग आला. पण त्याचं बरोबर आहे. उबुंटूची स्वतःची कितीतरी कामं त्याच पायथनवर चालतात. मी आणलेल्या पॅकेजने एखादी आवृत्ती बदलली, तर घरचंच काहीतरी बंद पडायचं. (जबरदस्तीने आत घुसायची एक वाट आहे. तिकडे जाऊ नका.) उपाय म्हणजे पिपएक्स. ते प्रत्येक कमांडला तिची वेगळी जागा करून देतं. दादाचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या खोलीत पोटमाळा घातला होता, तसंच :)

एवढं करून 'ईबी' टाइप केलं, तर 'कमांड नॉट फाउंड'. बिऱ्हाड आलंय, पण पोस्टमनला पत्ता नाही! 'पिपएक्स एन्शुअरपाथ' दिलं की पत्ता नोंदला जातो. फक्त त्यानंतर टर्मिनल बंद करून नवीन उघडावं लागतं. हे लक्षात यायला मला तासभर लागला. असो.

मग 'ईबी इनिट'. यंत्रं कुठे हवीत याची यादी येते, आणि नुसतं एंटर दाबलं तर थेट ओरेगॉन. माझं बोट एंटरवरच होतं. बाबा मागे उभे.

"वही अमेरिकेला पाठवतोयस?"

यादीत मुंबईही आहे, २०१६ पासून. सहाव्या नंबरवर. ती निवडली.

"म्हणजे नक्की कुठे?"

"इथेच. मुंबईत कुठेतरी."

"मग ढग कसला रे तो?"

'ईबी क्रिएट'ला काही मिनिटं लागली. पान उघडलं. बाबांनी चष्मा लावला, आपली खोली सोडून थेट चौदा नंबरवर गेले.

"यांच्या सुनेचं नाव चुकवलंयस तू."

"वहीत तसंच आहे, बाबा."

त्यांनी वही उघडली, बघितलं, खिशातलं पेन काढलं आणि आधी वहीत दुरुस्त केलं.