स्ट्रॉबेरीचोर

मुलांनो, पडद्याच्या कापडाला कुणी ‘स्ट्रॉबेरीचोर’ असं नाव ठेवील का? पण इंग्लंडमधल्या विल्यम मॉरिस यांनी १८८३ साली ते खरंच ठेवलं!

केल्म्स्कॉट गावी त्यांच्या घराला छान बाग होती. तिथल्या स्ट्रॉबेरी थ्रश पक्षी पळवत. माळी असा चिडायचा, की त्याला वाटे, यांच्या माना मुरगाळाव्यात! पण मॉरिस यांची ताकीद होती, बागेतल्या एकाही पक्ष्याला हात लावायचा नाही. ही आठवण त्यांची मुलगी मे हिने सांगितली आहे. मॉरिस त्या चोरांना न्याहाळत राहिले आणि चोरच नक्षीत आले. ठिपकेदार छातीचे, चोचीत लालबुंद फळ धरलेले, भोवती फुलं नि पानं.

लंडनजवळ मर्टन ॲबी इथे, वँडल नदीकाठी त्यांचा कारखाना होता. आधी अख्खं कापड निळीत बुडवून निळंशार करायचं. मग लाकडी ठशाने रंग उडवणारं द्रव्य लावायचं. ठसा टेकेल तिथली निळाई जाऊन पांढरं किंवा फिकट निळं उमटे. त्यानंतर लाल आणि पिवळा रंग. सगळं पुरं व्हायला कित्येक दिवस लागत. यंत्रावर झपाझप कापड छापण्याच्या त्या काळात हे हातकाम महागच पडे. सुंदर वस्तू सगळ्यांच्या घरी असाव्यात, असं मॉरिस यांना वाटे. हे कापड मात्र श्रीमंतांनाच परवडे. याची मला चुटपुट लागते.

चित्रकलेच्या तासाला मला हे कापड हमखास आठवतं. ‘फूल काढा’ म्हटलं, की सगळ्या वह्यांत एकच फूल : मध्ये गोल, भोवती पाच पाकळ्या. म्हणून मी मुलांना कुंपणाजवळच्या जास्वंदीपाशी नेते. एकदा एकीने किडीने खाल्लेलं पान भोकासकट काढलं. तिची आई म्हणाली, “बाई, तिला चांगलं पान काढायला सांगा ना!”

मी म्हटलं, “ताई, तिने नीट पाहिलंय, म्हणून तर भोक काढलंय. राहू द्या ते.”

माळ्याने आणि मॉरिस यांनी पाहिले ते पक्षी एकच होते. माळ्याला फक्त नुकसान दिसलं. मॉरिस यांना छातीवरचे ठिपकेही दिसले.

येत्या रविवारी तुम्हीही एखादं झाड दहा मिनिटं नुसतं बघा. पेन्सिल मग हातात घ्या. आणि आई-बाबांनो, तेवढी दहा मिनिटं त्यांना हाक मारू नका हं!